तिच्या बाजूचं चित्र

"पण त्यांच्यात असतो का गं अंतरपाट? तिला काय कळणार त्यातलं?"

हे स्वयंपाकघरातून ऐकू आलं. मी बाहेरच्या खोलीत, आईच्या शिवणाच्या टेपचं एक टोक दातात धरून आणि दुसरं दाराच्या कडीला लावून उभी होते. आवाज माझ्या मैत्रिणीच्या मावशीचा होता. पाठोपाठ मैत्रिणीच्या आईचा आवाज आला, "हळू बोल, बाहेरच आहे ती." आणि मग मिक्सर सुरू झाला. तो मुद्दाम सुरू केला होता की खरंच चटणी वाटायची होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी टेप दातातून काढली, गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. तेवढ्यात मैत्रीण धापा टाकत वर आली. लिफ्ट बंद होती.

"झालं माप घेऊन?"

"झालं," मी म्हणाले. झालं नव्हतं.

मावशीचा प्रश्न तसा बरोबर होता. आम्ही बौद्ध. आमच्याकडे लग्नात अंतरपाट नसतो. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत पहिल्यापासून शेजारी उभी असतात. वंदना होते, प्रतिज्ञा होते, हार घालतात, टाळ्या वाजतात आणि लोक जेवायला जातात. दुसऱ्यांच्या लग्नांत मी अंतरपाट पाहिला होता, पण लांबून, आणि त्या वेळी माझं सगळं लक्ष अक्षता नेमक्या कधी टाकायच्या याकडे असायचं. त्यामुळे मावशी खोटं काही बोलली नव्हती. 'त्यांच्यात' हा शब्द मात्र मिक्सर बंद झाल्यावरही तिथेच राहिला.

अशा वेळी मी काही बोलत नाही. खरं तर कुठल्याच वेळी फारसं बोलत नाही. शाळेत इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं म्हणून गप्प बसायचे, घरी पाहुण्यांसमोर मराठीत काहीतरी चुकेल म्हणून गप्प बसायचे, आणि मग सवयच लागली. अंधेरीच्या ज्या ऑफिसात मी इतरांची प्रेझेंटेशन नीटनेटकी करून देते, तिथल्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी हात वर केल्याचं बटण दाबते आणि कुणी बघायच्या आत काढून टाकते.

मैत्रीण माझ्या बरोबर उलट. ती आम्हा दोघींच्या वाटचं बोलते. मुलुंडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो, आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत तिने आपला कागद अर्ध्या वेळात संपवून उरलेला वेळ माझी बाटली आणि वांगं बघण्यात घालवला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझं वांगं बघून मला भूक लागली यार." तेव्हापासून माझी चित्रं ती बघते. दुसरं कुणी नाही. मी ती कुठे टाकत नाही, कुणाला पाठवत नाही. आईसुद्धा बघते ती टेबल पुसता पुसता.

तिचं लग्न ठरलं ते बोरिवलीच्या मुलाशी. मुलुंडच्या माणसाला बोरिवली म्हणजे परदेशच. मध्ये आख्खं जंगल आहे आणि जंगलात बिबटे. लग्नाची तारीख निघाली त्या संध्याकाळी आम्ही कॉलनीच्या गेटबाहेर सँडविच खात उभ्या होतो. ती एकदम म्हणाली, "मंगलाष्टकं चालू असताना नवरीला काय दिसतं, माहितीये?"

"काय?"

"फडकं. सगळे मला बघणार आणि मी फडकं बघणार. वर मावशी गाणार."

तिच्या मावशीचं हे प्रकरण आमच्या सगळ्या कॉलनीला माहीत आहे. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात ती स्वतः मंगलाष्टकं रचते आणि स्वतःच गाते. आवाज चांगला आहे. त्यात मुलीचं बालपण येतं, आजोळ येतं, कोण कधी आजारी पडलं होतं तेही येतं, आणि कोरड्या डोळ्यांनी कुणी जेवायला बसत नाही.

"चौथं कडवं बाबांवर आहे," मैत्रीण सँडविचकडे बघत म्हणाली. "मी ऐकलंय. तिने किचनमध्ये प्रॅक्टिस केली तर आईचं दूध उतू गेलं, आणि आई नुसती उभी."

तिचे बाबा आम्ही कॉलेजात असताना गेले.

"मला स्टेजवर रडायचं नाहीये. एकदा सुरू झाले की माझं मला थांबवता येत नाही, तू बघितलंयस." मी बघितलं होतं. बाबांनंतरच्या पहिल्या दिवाळीत कंदील टांगताना ती रडायला लागली होती, आणि उचकी दुसऱ्या दिवसापर्यंत गेली नव्हती. "मला ना, हसत लग्न करायचंय. बाबांना रडकी नवरी अजिबात आवडायची नाही. लग्नातून आले की नक्कल करून दाखवायचे." मग ती माझ्याकडे वळली. "तू काढ ना काहीतरी त्या फडक्यावर. माझ्या बाजूने. मला एकटीला दिसेल असं. मी ते बघत बसेन, मावशी काय गातेय तिकडे लक्षच जाणार नाही."

"काय काढू?"

"मला सांगू नकोस. तिथेच बघेन. आधीच बघितलं तर तिथे काय मजा?"

याहून सोयीचं काम मला आयुष्यात कुणी सांगितलेलं नव्हतं. एक चित्र, एक बघणारी, आणि बघून झालं की पाट बाजूला. मी लगेच हो म्हणाले. माप घ्यायला म्हणून तिच्या घरी गेले तेव्हा ते वाक्य ऐकू आलं.

घरी येऊन मी आईला ते सांगितलं. आई सरकारी ऑफिसात क्लार्क आहे आणि सुट्टीच्या दिवशी शिवते. आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक ब्लाउजना तिचा हात लागलेला आहे. तिने सुईत दोरा ओवत ऐकून घेतलं.

"खरंच आहे की. नाहीच आपल्यात. मग?"

"मग काही नाही."

"त्या बाईला चित्र काढता येतं का?"

"नसेल येत."

"मग तिने गावं, तू काढावंस. कापड कधी आणायचं?"

पाच रस्त्याजवळच्या दुकानातून आम्ही जाडसर सुती कापड आणलं. मी एका कोपऱ्यावर फॅब्रिक कलरचा एक पट्टा ओढून बघितला. रंग सरळ पलीकडे उतरला. दुसऱ्या बाजूने तो डाग भाजीचा वाटत होता. मला वाटलं, संपलं. आईने कापड उचलून उजेडात धरलं आणि म्हणाली, "दोन कर. वेगवेगळे रंगव, मी पाठीला पाठ लावून शिवते. ब्लाउजला अस्तर नसतं का?"

अशा तऱ्हेने अंतरपाटाला दोन बाजू झाल्या, आणि दुसऱ्या बाजूचं काय करायचं हा प्रश्न आला. मी म्हणाले, कोरी ठेवू. आईला ते पटलं नाही. "कोरी ठेवलीस तर म्हणतील, हिला जमलं नाही. त्या बाजूला त्यांचं जे असतं ते काढ. आणि चांगलं काढ."

मग मी फोनवर दिसतील तेवढे अंतरपाट बघितले आणि स्वस्तिक, कलश, आंब्याची पानं, नारळ असं सगळं काढायला घेतलं. आई मागून चहाचा कप घेऊन बघत असायची. "कलशाचं पोट वाढव. तांब्या वाटतोय." पोट वाढवलं. "आता बरोबर. आता खाल्लंय त्याने." नारळाच्या शेंड्या मी सगळ्यांत बारीक ब्रशने एकेक ओढल्या. रागानेच ओढल्या बहुतेक, पण त्या शेंड्या फार छान झाल्या.

खरं चित्र सुरू करायच्या आधी एक गोष्ट कळायला हवी होती. मैत्रिणीची नजर कापडावर नेमकी कुठे पडेल? हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आईच्या आलं. रविवारी मैत्रीण आमच्याकडे आली. मी आणि आईने चादर धरली आणि तिला समोर उभं केलं.

"पाटावर उभं राहतात ना तुमच्यात?" आईने विचारलं. 'तुमच्यात' म्हणताना आईने माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला. मैत्रिणीला ते कळलं नाही.

"हो काकू, पाट असतो."

आमच्याकडे पाट नव्हता. आईने पोळपाट पुढे केला.

"काकू, अहो, यावर चपात्या लाटता तुम्ही!"

शेवटी माझी बारावीची दोन जाडजूड गाइडं काढली. त्यांवर चढताना ती खदखदून हसत म्हणाली, "ही पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाला आली." हातात हार म्हणून टॉवेलची गुंडाळी दिली.

"आता मान खाली," आई म्हणाली. "अजून. अगं नवरी आहेस, पोलीस भरतीला उभी नाहीयेस."

"एवढी खाली? काकू, मला माझे पाय दिसतायत."

"दिसू देत. आता मान न हलवता नुसते डोळे उचल. काय दिसतंय?"

"चादरीवरचं ते फूल. निळं."

आईने त्या निळ्या फुलाभोवती टेलरच्या खडूने गोल केला, आणि मी गार झाले. मी मनात चित्र जिथे काढणार होते ती जागा मैत्रिणीच्या डोक्याच्याही वर होती. ती सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत कोरं कापड बघत राहिली असती. तिच्या नजरेची जागा खाली होती, हातांतल्या हाराच्या जरा वर, एक रुंद पट्टा.

त्या पट्ट्यात मी आमची कॉलनी काढली. संध्याकाळची, दिवे लागायच्या जरा आधीची. सगळं बारीक बारीक, म्हणजे एका नजरेत संपणार नाही. गेटवरचा सँडविचवाला. बागेत हात वर करून खोटं खोटं हसणारे हास्य क्लबचे काका, आणि त्यांच्याकडे बघून खरं हसणारी आयाबायांची रांग. आमच्या सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर झोपलेलं मांजर, आणि त्याला उठवायची हिंमत नसलेले सेक्रेटरी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत वाळत घातलेला, वाऱ्याने उलटा झालेला तिचा पिवळा पंजाबी ड्रेस, जो एकदा उडून थेट पलीकडच्या बिल्डिंगच्या डिश अँटेनावर जाऊन बसला होता. ऑफिसातून आले की मी जमिनीवर पालथी पडून हे काढायचे. शेजारी आईचं मशीन चालू असायचं. मांजराच्या मिशा काढताना मी एकटीच हसायचे आणि आई मशीन थांबवून विचारायची, "काय झालं?" त्या दिवसांत मला ऑफिसातल्या कुठल्याच गोष्टीचा राग आला नाही.

मध्यभागी एक जागा मी रिकामी ठेवली होती. तिथे काय यायला हवं ते मला माहीत होतं, पण हात जात नव्हता.

आम्हा दोघींना स्कूटर तिच्या बाबांनी शिकवली. कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर, रोज संध्याकाळी, हाफ पँट आणि बनियनमध्ये ते कॅरियर धरून मागे धावायचे आणि सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "ब्रेक! अगं दोन्ही ब्रेक! घाबरू नकोस, मी धरलंय!" एकदा त्यांनी खरंच सोडलं. मैत्रीण मागे वळून बघायला गेली आणि थेट इस्त्रीवाल्याच्या टेबलात घुसली. सगळे कपडे रस्त्यावर, इस्त्रीवाला डोक्याला हात लावून उभा, आणि बाबा बनियनवर एकेक शर्ट झटकत लोकांची माफी मागत होते. त्यातल्या एका पांढऱ्या शर्टावर टायरचा काळा ठसा उमटला होता. नेमका तो त्यांचाच निघाला. दुसऱ्या दिवशी ते तोच शर्ट घालून ऑफिसला गेले. विचारेल त्याला सांगत होते, "मुलीने डिझाइन केलंय."

"काढू का त्यांना?" मी आईला विचारलं. "रडू नये म्हणून तर हे सगळं चाललंय. त्यांनाच बघून रडली तर?"

आईने त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "सगळी कॉलनी आहे इथे. ती त्यांनाच शोधणार. आणि सापडले नाहीत तर काय करेल?"

मी ब्रश पाण्यात बुडवला.

"काढ. पण बनियनमध्येच काढ. सूट-बिट घालू नकोस त्यांना."

मी त्यांना बनियनमध्ये काढलं. एक पाय हवेत, तोंड उघडं, दोन्ही हात पुढे, नुकतंच कॅरियर सोडलेले. पुढे स्कूटरवर मागे वळून बघणारी ती, मागच्या सीटवर डोळे घट्ट मिटलेली मी, आणि समोर इस्त्रीवाल्याचं टेबल, अजून उभं.

आईने दोन्ही कापडं उलट्या बाजूने इस्त्री करून रंग पक्का केला, पाठीला पाठ लावून शिवली, कडेला हिरव्या खणाची पट्टी लावली. मग चित्र आत राहील अशी घडी घालून कडा कच्च्या टाक्यांनी बंद केल्या, म्हणजे आधी कुणी डोकावणार नाही. बाहेरून दिसत होता तो कलश, स्वस्तिक आणि नारळ.

तो द्यायला गेले तेव्हा मैत्रीण बांगड्या भरायला गेलेली होती. दार मावशीने उघडलं. तिने घडी हातात घेतली, आत जाऊन चष्मा लावून आली आणि खिडकीशी धरून बघायला लागली. मी चपला काढायच्या की नाही अशा अवस्थेत उंबऱ्यात उभी.

"हाताने काढलंस?"

"हो."

"छापलेलं नाही?"

"नाही."

ती नारळावरून बोट फिरवत राहिली. "शेंडी न् शेंडी वेगळी काढलीयस गं." मग एकदम, "आत ये, उभी का तू? लाडू खा." मी आत गेले. रव्याचे लाडू होते. "आणि हे टाके कसले घातलेत?"

"ते लग्नाच्या दिवशी काढायचेत."

इथे मला पुढचं सांगायचं होतं, की आत चित्र आहे आणि ती बाजू नवरीकडे करायची. पण मी सांगितलं तर मावशी म्हणणार, "असं कुठे असतं?" आणि कसं असतं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या घरात अंतरपाटाबद्दल कुणाला एक शब्द विचारला नव्हता. मैत्रीण सांगेलच, असं मी स्वतःला समजावलं आणि लाडू तोंडात टाकला. अंतरपाट धरतात तेव्हा नवरी तिथे नसतेच, मामा तिला नंतर घेऊन येतो, हे मला लग्नाच्या दिवशी, हॉलमध्ये उभं राहिल्यावर कळलं.

मुहूर्त सकाळचा होता. हॉल मुलुंडमधलाच. मी आईची मोरपंखी साडी नेसले होते आणि स्टेजच्या खाली, नवरी जिथे उभी राहणार त्या बाजूला, पहिल्या रांगेत जागा धरली होती. आई माझ्यामागे होती. नवरा येऊन पाटावर उभा राहिला. उंच आणि घामाघूम. मावशी स्टेजवर आली. एका हातात माइक, दुसऱ्या हातात छोटी कात्री. तिने कच्चे टाके कापले आणि घडी तशीच मैत्रिणीच्या मामेभावाच्या आणि नवऱ्याच्या काकांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडून धरली, ती नेमकी स्वस्तिक नवऱ्याकडे येईल अशी.

"अहो, असा नको. स्वस्तिक आमच्या मुलीकडे येऊ दे," ती म्हणाली. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं आख्ख्या हॉलने ऐकलं. "तिच्या मैत्रिणीने काढलंय. स्वतःच्या हाताने. इतकं सुंदर केलंय पोरीने, आमच्या मुलीने नको का बघायला?"

मागून आईने माझा दंड धरला. लोक वळून मला शोधत होते. माझे कान तापले. मावशी माझ्याकडे बघून हसली, अगदी मनापासून, आणि अंतरपाट उलटा लागला.

माझं चित्र आता नवऱ्याच्या समोर होतं. त्याने आधी सहज बघितलं, मग मान तिरकी केली, मग जवळ वाकला. गुरुजींनी त्याला सरळ उभं केलं. तो पुन्हा वाकला. मग त्याच्या मुंडावळ्या हलायला लागल्या, आणि माझ्या लक्षात आलं की तो हसू दाबतोय. मांजरापर्यंत पोहोचला असेल, किंवा हास्य क्लबपर्यंत. एका अनोळखी माणसाला माझं चित्र आवडत होतं. एरवी या विचाराने मी दोन दिवस घराबाहेर पडले नसते. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटत होतं की तुझी पाळी नाहीये, सरक.

मैत्रीण आली. मामाने तिला पाटावर उभं केलं. हातात हार, मान खाली, बरोबर त्या रविवारच्या मापात. मग तिने डोळे उचलले. मला बाजूने तिचा चेहरा दिसत होता. ती कलशाच्या पोटाकडे बघत होती. डावीकडे बघितलं, आंब्याची पानं. उजवीकडे बघितलं, आंब्याची पानं. मग तिने जराशी मान वळवून माझ्याकडे बघितलं. भुवया वर. हेच?

मी मान हलवली. नाही, नाही. तिला काय कळणार? तिने समजूतदारपणे मला एक हसू दिलं, जणू म्हणत होती, असू दे, हेही छान आहे. आणि पुन्हा मान खाली घातली.

गुरुजींचं झालं आणि मावशीने सुरुवात केली. पहिल्या कडव्यात कुलदैवत. सावधान, अक्षता. दुसऱ्यात आजोळ, आंब्याचं झाड, आजीची गोधडी. सावधान, अक्षता. तिसऱ्यात आई. मैत्रिणीच्या आईने पदर तोंडाला लावला आणि माझ्या मागच्या रांगेत नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. मैत्रिणीने खालचा ओठ दातात धरला होता, आणि हनुवटी, ती कंदिलाच्या दिवशीची हनुवटी.

"उलटा आहे तो," मी शेजारच्या बाईंना म्हणाले.

"हो ना, किती गोड," त्या म्हणाल्या.

मी हात वर केला. खरा, हवेत. अक्षता वाटत फिरणाऱ्या एका काकूंनी तो खाली ओढून त्यात आणखी तांदूळ ठेवले.

तिसरं सावधान झालं. मावशीने घसा साफ केला, पाण्याचा ग्लास उचलला. हॉल शांत झाला. सगळ्यांना माहीत होतं आता कोणतं कडवं येणार. मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. मी आईकडे वळून बघितलं. तिने नुसता माझा दंड सोडला.

पुढचं सगळं व्हिडिओत आहे. मैत्रिणीच्या घरी तो लागला की अजून कुणीतरी म्हणतं, थांब थांब, परत मागे घे. मावशीचा ग्लास ओठांपाशी अडलेला. गुरुजी पोथीतून मान वर काढतात. मग नुसता गोंधळ. गुरुजी ओरडतायत, "झाका, दोघांना दिसता कामा नये!" दोन बायका आपल्या शाली पसरून मध्ये घुसतात. मामेभाऊ आणि काका पाटांभोवती फिरून जागा बदलतात. नवरा मोठ्याने म्हणतो, "अहो, माझं बघून व्हायचंय अजून!" पाट पुन्हा ताणला जातो आणि मावशी सूर न सोडता चौथं कडवं सुरू करते. कॅमेऱ्यात मैत्रिणीची पाठ दिसते. पाठ हलायला लागते. तिची आई घाबरून एक पाऊल पुढे येते. आणि मग ते हसणं ऐकू येतं, बाबांच्या कडव्याच्या ऐन मध्यावर, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, गाइडांवर उभं राहून हसली होती तसंच. मावशी तिच्याकडे बघते, कापडाच्या वरून वाकून चित्र बघते, आणि तिचा पुढचा शब्द गाता गाता फुटतो, पण हसण्याने.

हे सगळं सुरू होण्याआधी व्हिडिओत एक आवाज येतो. कॅमेरा मावशीवर आहे, त्यामुळे बोलणारी दिसत नाही. आवाज मोठा आहे, थोडा चिरका आहे, आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खरंच आईला विचारलं होतं, कोण गं ही?

"मावशी, थांबा! अहो, उलटा धरलाय तो. स्वस्तिक नवऱ्याकडे करा. ते चित्र तिचं आहे, मी तिच्यासाठी काढलंय!"